बिब्बे फोडणारी झुंबरबाई

नजर लागू नये म्हणून लोक दाराला एक बिब्बा टांगतात. आमच्या घरात गोण्या भरून बिब्बे होते. तरी जे यायचं ते आलंच.

झुंबरबाई म्हणजे माझी आई. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या वाटेवर आमचं घर होतं. वडील कापसाच्या जिनात कामाला होते. देश स्वतंत्र झाल्यावर दुसऱ्या वर्षी तापाने गेले. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि कुंदा आईच्या पोटात. तेरावं झालं, भाऊबंद जेवले, विड्या ओढल्या, "काही लागलं तर सांग" म्हणून गेले. आई कुणाला काही सांगायला गेली नाही. तिने डोंगरातून बाजाराला उतरणाऱ्या बायकांकडून बिब्ब्याची एक गोणी घेतली आणि पाठीमागच्या पडवीत दगड मांडला.

बिब्बा म्हणजे बोराएवढं काळं, टणक फळ. आत पांढरी गोडंबी निघते. बदामाची गरीब बहीण म्हणा. ती बाळंतिणीच्या लाडवात घालतात, म्हणून धुळ्या-जळगावच्या दुकानांत तिला मागणी. पण गोडंबीपर्यंत पोचायचं तर मधे त्या टरफलातलं काळं तेल. ते अंगावर उडालं की माणूस उततो. कातडी सुजते, पाण्याचे फोड येतात, डोळे मिटून जातात. कुणाला थेंब लागावा लागतो, कुणाला नुसता वास पुरतो.

आईला मात्र बिब्बा उतत नव्हता. कोपरापर्यंत गोडेतेल लावायचं, वरून राख फासायची, आणि दगडाच्या एका घावात बिब्बा फोडून गोडंबी अख्खी काढायची. तिच्यासारखी अख्खी गोडंबी पंचक्रोशीत कुणी काढत नव्हतं. धुळ्याचे बन्सीलाल शेठ स्वतः येऊन माल बघायचे, आणि ओट्यावर पाय न ठेवता अंगणातूनच "छान आहे, छान आहे" म्हणायचे. भित्रा माणूस.

आई भीत नव्हती असं नाही. पडवीच्या मेढीला आरशाचा एक तुकडा खोचलेला होता. रोज सकाळी कामाला बसण्याआधी ती त्यात आपल्या पापण्या, ओठ, कानाच्या पाळ्या बघायची. मी एकदा हसले, "माय, लगीन शे का तुन्हं?"

ती हसली नाही. म्हणाली, "एक दिन माले भी धरी तो. वाट दखी ऱ्हायना."

म्हणजे एक दिवस तो मलाही धरेल, वाट बघतोय. बिब्ब्याबद्दल ती अशी बोलायची, जसं काही घरात कुणीतरी बसलेलं आहे.

घरात तिचे नियम होते. स्वयंपाक पहाटे, बिब्ब्याला हात लावायच्या आधी. फोडताना नेसलेलं लुगडं पडवीतच सोडायचं. टरफलं परसातल्या खड्ड्यात टाकायची आणि वर माती लोटायची. चुलीत एक टरफलही जाता कामा नये, कारण त्याचा धूर तेलापेक्षा वाईट. मार्गशीर्षापासून शिवरात्रीपर्यंत तिचा हात आम्हाला लागत नसे. कुंदाची वेणी मी घालायची, माझी मीच.

कुंदाचं वेगळंच होतं. तिला बिब्बा बघवतसुद्धा नव्हता. गोणीचं तोंड सुटलं की हिची डावी पापणी खाजायला लागायची, मग फुगायची. गावातल्या बाया म्हणत, पोटात होती तेव्हाच बिब्ब्याने हिला हुंगून ठेवलंय. सगळा हिवाळा तिचं तोंड भाकरीसारखं फुगलेलं. आई लांबून बघत राहायची आणि मला सांगायची, "ओलं खोबरं लाव तिले." खोबरं किसायची मी. आई फोडत बसायची, कारण तेच आमचं पोट होतं.

माझं लग्न ठरवलं हिलालमामांनी. मुलाकडचे धुळ्याजवळचे, कापूस आणि भुईमुगाची शेती. त्यांनी विचारलं, मुलीची आई काय करते? मामांनी मिशीवरून हात फिरवत सांगितलं, "सुक्या मेव्याचा व्यापार." खोटं नव्हतं. पण त्या एका वाक्याने आईचं तोंड कायमचं बांधून टाकलं. बिब्बे फोडणारीची मुलगी म्हटलं असतं तर कोण उंबऱ्यात घेणार होतं!

एकोणीसशे सत्तावन्नच्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. दिवस ऐन हंगामाचे. बिब्बा धरणार तर याच वेळी धरेल, असं आईच्या मनाने घेतलं होतं. मुलगा झाला, गिरधर. आईने दारातूनच त्याला बघितलं. दोन्ही हात मागे बांधलेले.

"घे की वं माय," मी म्हटलं.

"शिवरात्र होऊ दे."

पाचवीच्या पूजेला माझ्या सासूबाई येणार होत्या. ताईबाई नाव. एस.टी.ने चौथ्या दिवशीच उतरल्या. आईने आदल्या दिवशीच सगळी पडवी आवरली. गोण्यांची तोंडं घट्ट बांधून त्यांवर घोंगड्या टाकल्या. दगड चिंचेखाली नेऊन उपडा केला. खड्डा काठोकाठ भरला होता आणि नवा खणायला वेळ नव्हता. म्हणून टरफलांची शेवटची टोपली तिने सरपणाच्या खोपीत, पऱ्हाट्यांच्या मोळ्यांमागे लपवली. परसातल्या कोपऱ्यात उघडी ठेवली असती तर निदान कुणीतरी विचारलं असतं, हे काय आहे.

मी म्हटलं, "सासूबाईंना सांगून टाक, टोपलीला हात लावू नका म्हणून."

आई म्हणाली, "विहिणीला काय सांगू? कसली टोपली म्हणून?"

सासूबाई तशा मनाने चांगल्या. तोंडाने फटकळ, पण हाताला विसावा नाही. आल्या आल्या लाडू खाल्ला आणि म्हणाल्या, "गोडंबी भारी शे. कथाइन आनी?"

"बजारमाईन," आई म्हणाली आणि पाणी आणायला उठून गेली.

शेक-शेगडी मीच करणार, असं सासूबाईंनी जाहीर केलं. नातू त्यांचा होता ना. संध्याकाळी शेगडी बाजेखाली सरकवली, वरून ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकली. खोली धुराने भरली. त्या धुरात माझ्या नाकाला काय कळणार? मला चांगली ऊब आली. मी झोपले.

सकाळी कुंदा उठली ती डोळा चोळत. "माय, डोया खाजी ऱ्हायना."

आई थबकली. गोण्या बांधल्यापासून उतरलेली पोरीची डावी पापणी पुन्हा फुगली होती.

"गोणीजोडे गयथी का तू?"

"नही ना वं माय."

आईने पडवीत जाऊन एकेक गोणी तपासली. तोंडं बांधलेली. चिंचेखाली गेली, दगड उपडाच. खड्ड्यावरची माती पायाने दाबून बघितली, घट्ट. परत येऊन कुंदाला हनुवटी वर करायला लावून लांबूनच बघितलं. आता ओठही जाड झाला होता. कुठेतरी बिब्बा उघडा होता आणि कुठे ते आईला सापडत नव्हतं. हे सगळं मला दाराच्या फटीतून दिसत होतं. मी गिरधरला छातीशी घेतलं. त्याचा गाल गरम लागला. जरा जास्तच गरम.

तेवढ्यात सासूबाई शेगडी घेऊन आत आल्या. सकाळचा शेक. शेगडी भरभरून पेटलेली, आणि ज्वाळा नेहमीसारखी पिवळी नव्हती, काळ्या शेंड्याची होती. चर्र चर्र आवाज येत होता.

आई तेव्हा सरपणाच्या खोपीत पोचली होती. टोपली अर्धी रिकामी.

तिची ती हाक मी अजून विसरले नाही. "शेगडी कोनी पेटाडी?"

"मी पेटाडी. काय व्हयनं?" सासूबाई म्हणाल्या. "इतलं चांगलं टरफल कोन्यात टाकी दिधं व्हतं. टरफल फेकस का कोनी? आमनाकडे शेंगास्ना टरफलंवर बठ्ठं पानी तापस."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. भुईमुगाच्या घरात टरफल म्हणजे सरपण. आदल्या संध्याकाळी एक मूठ टाकून बघितली, झकास पेटली, म्हणून सकाळी अर्धी टोपली.

आई आत आली आणि तिने ती तापलेली शेगडी नुसत्या हातांनी उचलली. पदर नाही, फडकं नाही. धूर सगळा तिच्या तोंडावर. अंगणापर्यंत तिने ती तशीच नेली आणि राखेच्या ढिगात पालथी घातली. मग ओरडली, "पोराला बाहेर काढ! वाऱ्यावर!"

दुपारपर्यंत गिरधरचे दोन्ही गाल उतले. एवढासा जीव, डोळे दिसेनात. नारळाचं दूध कापसाने लावत मी बसले. सासूबाई देवासमोर बसल्या त्या उठेनात. पाचवीची पूजा तशीच राहिली. तीन दिवस त्याने नीट दूध ओढलं नाही. चौथ्या दिवशी एक डोळा किलकिला केला आणि भुकेने असा रडला, की सासूबाईंनी गल्लीत गूळ वाटला.

मग आम्ही आईकडे बघितलं.

तिचे हात भाजले होते, ते दिसत होतं. पण तोंड? ज्या तोंडाला आठ वर्षं बिब्बा शिवला नव्हता, ते ओळखू येत नव्हतं. डोळे मिटलेले, मान सुजलेली. भिंतीला टेकून बसली होती आणि कुणाला हाक मारत नव्हती.

सासूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "माले सांगनं व्हतं ना, विहिनबाई."

"लाज वाटनी," आई म्हणाली.

सासूबाईंनी ओलं खोबरं किसायला घेतलं. आईच्या पापण्यांना खोबरं त्यांनीच लावलं, पंधरा दिवस.

सूज उतरली. पण पुढच्या मार्गशीर्षात डोंगरातली बाई गोणी घेऊन अंगणात आली आणि गोणी सुटायच्या आधीच आईची पापणी जड झाली. तिने बाईला परत पाठवलं. मेढीचा आरशाचा तुकडा काढला आणि मी भेटायला आले तेव्हा माझ्या हातात दिला. आई आणि कुंदा जगायच्या कशावर, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. मला त्याचं उत्तर माहीत होतं.

धुळ्याकडच्या आमच्या घरी बिब्ब्याची पहिली गोणी आली तेव्हा ती सासूबाईंनी उतरवून घेतली. मी ती गोठ्यामागे सरकवत होते.

"समोर ठेव," त्या म्हणाल्या. "झाकानं नही. येनारा-जानाराले दिसू दे."

टरफलांचा खड्डा त्यांनी स्वतः खणून घेतला. गोडंबीचे पैसे आईकडे जायचे. माझ्या मुलांना न्हाऊ त्यांनीच घातलं. तीन महिने माझा हात मुलांना लागत नसे.

तिकडे आईच्या घरी कुंदाचं न सुजलेलं तोंड हिवाळ्यात पहिल्यांदाच दिसलं. गोरी, नाकीडोळी नीटस पोर. आईने ऐन पौषात तिची वेणी घातली, आणि ती इतकी घट्ट घातली की कुंदा रडली.

मी तीस वर्षं बिब्बे फोडले. मला तो उतला नाही. आता गुडघे गेले, दगड सुटला. तरी मार्गशीर्ष लागला की सकाळी तोंड धुण्याआधी मी तो आरशाचा तुकडा काढते. पापण्या बघते, ओठ बघते, कानाच्या पाळ्या बघते. सुना हसतात. हसू देत.

अजून काही नाही. वाट दखी ऱ्हायना.