परमेश्वरचा नंबर

साखरा गावच्या पंचफुलाबाईला कुणाच्या शेळ्या वाढल्या, कुणी नवं लुगडं नेसलं, त्याचं काही वाटायचं नाही. पण शेजारच्या निर्मलाबाईचा मोबाईल वाजला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

साल असेल दोन हजार सातचं. मोबाईल तिच्याकडंही होता, लेकानं, परमेश्वरनं, पुण्याच्या कारखान्यातून धाडलेला. पण तो वाजायचा फक्त रविवारी, अन् फोनही लेकाचाच. निर्मलाबाईचा मात्र शेळ्या चारताना, भाकरी थापताना, सारखा आपला कोकलतोय! "हॅलो, व्हय, बोला की!" असं ती गावभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायची. मेली मिरवते नुसती!

"एवढं कोण गं बोलून राहिलं तुझ्यासंगं?" पंचफुलाबाईनं शेवटी विचारलंच.

"कर्ज-विम्याच्या कंपनीच्या पोरी. पुसेगावच्या बाजारात त्यांच्या मंडपात माझा नंबर सांगितला, तर मग्गा बी फुकट भेटला."

पुढच्या बाजारी पंचफुलाबाई शेळ्या दावणीलाच ठेवून गेली, नंबर सांगून आली. अन् फोन सुरू! एक पोरगी तर लई गोड. "आई, जेवलात का? घरी कमावतं कोण?" घरात नवरा चार शब्द बोलत नाही, अन् ही परकी पोर जेवणाचं विचारते! पंचफुलाबाई पाघळली. लेकाचं नाव, कारखाना, पगार सगळं सांगितलं. शेजारी ऐकू जावं म्हणून परमेश्वरचा नंबर तर मुद्दाम मोठ्यानं.

"अगं, पोराचा नंबर काहून देतीस?" निर्मलाबाई म्हणाली. "म्या माझ्या लेकीचा न्हाई दिला."

"तू जळून राहिलीस!"

लोक आपलं ठेवतात झाकून अन् दुसऱ्याचं पाहतात वाकून. या बाईनं दुसरीचं पाहायच्या नादात आपलंच उघड्यावर टाकलं.

मग काय, कर्ज घ्या, विमा घ्या, परमेश्वरला ऐन कामात फोनवर फोन. साहेबानं चारचौघांत झापलं. रविवारी तो भडकला, "माय, मला इचारलं व्हतं का नंबर द्यायच्या आधी?"

"लेकीवाणी बोलत व्हती रं. तिनं इचारलं, म्या सांगितलं. माझ्याच लेकाचा नंबर, त्यात तुला काय इचारायचं?"

त्यानं फोन कापला. पुढचा रविवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. लावावा तर नंबर बंद. कंपनीच्या पोरी तेवढ्या रोज जेवणाचं विचारायच्या. पंचफुलाबाईनं त्यांना शिव्या घातल्या, तरी फोन काही थांबले नाहीत.

एक दिवस निर्मलाबाई दारात आली. "चल बाई, परमेश्वर हाय माझ्या फोनवर."

पंचफुलाबाई अनवाणी धावली. लेकाचा आवाज ऐकून तिला रडूच फुटलं. "नवा नंबर घेतला व्हय रं? सांग की मला."

"काकूपाशी हाय, माय. बोलावं वाटलं तर त्यांच्याकडं जात जा."

फोन बंद झाला. पंचफुलाबाईनं तो निर्मलाबाईच्या हातात दिला. या बाईपुढं ती जन्मात कधी वाकली नव्हती. "निर्मले, दे ना गं नंबर."

"म्या दिला असता," निर्मलाबाई खाली मान घालून म्हणाली, "पण तुला देऊ नको म्हणून त्यानं शपथ घातली हाय."