उंची मीटरमध्ये सांगावी

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि त्या एकतीस वर्षांत त्यांची एकही मुलगी भूगोलात नापास झाली नाही. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय, की कार्डिफमधल्या आमच्या शेजारणीला, जिला मराठीचा म येत नाही, तिलाही ते पाठ असेल. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा चहाचा कप हातात देता देता त्यांनी विचारलं होतं, "तुमची सांगली कोणत्या नदीवर?" मी म्हणाले, कृष्णेवर. "कोणत्या काठावर?" जन्म सांगलीत जाऊनही मला ते सांगता येईना. माझे दोन मार्क तिथंच गेले. ते आजतागायत परत मिळालेले नाहीत.

त्यांचं नाव प्रमोदिनी. २००३ साली सासरे गेले आणि माझा नवरा शशिधर त्यांना इकडे घेऊन आला. तो इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी फार्मसिस्ट, मुलगी दिया तेव्हा सहा वर्षांची. दिवसभर घरात चिटपाखरू नसायचं. पहिला हिवाळा आईंनी खिडकीशी बसून काढला. चार वाजता अंधार पडायचा. तो अक्षांशामुळे पडतो हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असल्यानं जीव रमतो असं काही नाही.

म्हणून मीच त्यांना मंगळवारच्या वर्गाला घेऊन गेले. चर्चच्या हॉलमध्ये आश्रय मागायला आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायला माणसं हवी होती. मीच घेऊन गेले, हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी सगळं खापर त्यांच्यावर फोडलं.

तिथं त्यांना सफराली भेटला. तिशीचा, उंच, कुणीतरी दान दिलेलं ब्लेझर घातलेला, ज्याच्या बाह्या त्याला मनगटाच्या वर चार बोटं आखूड पडायच्या. ताजिकिस्तानचा. आई घरी आल्या त्या उडतच. "अगं वरदा, पामीर! इयत्ता नववी! तीस वर्षं मी ज्याला जगाचं छप्पर म्हणून फळ्यावर काढलं, तिथला माणूस आज माझ्यासमोर बिस्किट खात होता!"

मग तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण दरवाजा, बाग, हवा, जमीन, चाकू, बाजार हे शब्द त्याचे आणि आमचे एकच निघाले, तेव्हा तो आणि आई दोघंही लहान मुलांसारखे हसले होते. डब्यात एखादी पोळी उलटी पडलेली दिसली की तो ती हलकेच सुलटी करायचा. भाकरी पालथी ठेवायची नसते म्हणे त्यांच्याकडे. दियानं हे बघून ठेवलं आणि मला दम भरला, "आई, पोळी upside down नाही ठेवायचा. सफरालीला sad होते."

त्याची कहाणी त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितली. रश्तचं खोरं, उंच डोंगरांतलं. १९४९ साली त्या भागात मोठा भूकंप झाला, डोंगराचा डोंगर खाली आला आणि त्याखाली वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या. त्याच्या आजोबांचं गाव त्यातच गेलं. आजोबा मेंढरं घेऊन वर गेले होते म्हणून वाचले. जे उरले त्यांनी पलीकडच्या उतारावर नवं गाव वसवलं. पुढे सोव्हिएत राज्य मोडलं, देशात यादवी माजली, आणि त्यांचं खोरं हरणाऱ्यांच्या बाजूला होतं. मोठा भाऊ लढला. पाच वर्षांनी तह झाला, माफी जाहीर झाली, भाऊ बटाटे लावायला लागला. आणि मग, सगळं मिटलं असं वाटत असताना, एका सकाळी चार माणसं येऊन त्याला घेऊन गेली. नऊ दिवसांनी प्रेत आलं. त्यानंतर ती माणसं सफरालीची चौकशी करत आली. म्हणून तो पळाला. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याची आई अजून तिथं आहे, निदान तेव्हा होती.

२००४च्या शरद ऋतूत त्याचा अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. ते घेऊन तो आमच्याकडे आला. मीच वाचून दाखवलं. मुलाखतीत त्याला विचारलं होतं, गावाजवळून कोणती नदी वाहते? तो म्हणाला होता, "नदीच. आम्ही नदीच म्हणतो, दुसरी नाही ना." तालुक्याचं गाव किती लांब? "बर्फ असेल तर दोन दिवस. नसेल तर सकाळी निघून दुपारी." समोरच्या डोंगराची उंची किती? माहीत नाही. यावरून मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी ठरवलं होतं की हा त्या खोऱ्यातला नव्हेच, आणि खोऱ्यातला नव्हे म्हणजे भावाची गोष्टही खोटी.

मला हसावं की रडावं कळेना. सातारा-सांगलीच्या दहा माणसांना विचारा अजिंक्यताऱ्याची उंची. मी तर काठही सांगू शकले नव्हते.

पण आईंच्या डोळ्यांत मला वेगळंच काहीतरी दिसलं. बाईंच्या वर्गातला एक मुलगा भूगोलात नापास झाला होता.

"अपील आहे ना?" त्यांनी विचारलं. "किती महिने आहेत?"

तीन महिने होते. दुसऱ्या दिवशी भिंतीवर आशियाचा प्राकृतिक नकाशा लागला. दियाची पट्टी छडीसारखी हातात आली. रविवारचे आठवड्यातले चार दिवस झाले. जेवण झालं की उत्तरं. "मुद्देसूद हं! स्थान, सीमा, प्राकृतिक रचना, नद्या, हवामान. हा क्रम सोडायचा नाही." तो बिचारा उभा राहून उत्तर द्यायचा. आईंनी सांगितलं म्हणून नव्हे, त्याच्या शाळेतही तसंच असावं.

अधूनमधून तो भरकटायचा. एकदा नकाशावर आजोबांच्या खोऱ्यापाशी बोट ठेवून म्हणाला, "टीचर, इथं खाली गाव आहे. वर गवत. पण आम्ही घोड्यावर बसून जात नाही. उतरतो. चालत जातो. लहान मुलगा पण उतरतो. खाली माणसं आहेत ना."

"ते ठीक आहे," आई म्हणाल्या, "पण ते परीक्षेत विचारत नाहीत. सर्वोच्च शिखराची उंची सांग."

"सात हजार... सात हजार चारशे..."

"पंच्याण्णव. आणि एकक? एककाशिवाय मार्क नाहीत. उंची मीटरमध्ये सांगावी."

मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मला ते खटकलं. आत जाऊन म्हणावं, आई, घोड्याचं बोलू द्या ना त्याला, असं मनात आलंही. पण इकडे आल्यापासून इतक्या आनंदात त्या पहिल्यांदाच दिसत होत्या. शशी म्हणायचा, "लीव्ह इट, वरदा. शी इज हॅपी." सफरालीचं अपील बघणाऱ्या वकीलबाईंनीही फोनवर सांगितलं होतं की फार तयारी करून घेऊ नका, त्याला जे येतं ते त्याच्या शब्दांत येऊ दे. मी तो निरोप आईंना दिला. "वकिलांना शिकवण्यातलं काय कळतंय?" त्या म्हणाल्या. माझ्याही मनात होतंच की एकतीस वर्षांत एकही नापास नाही, म्हणजे त्यांना काहीतरी कळत असणारच.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. मी रजा काढून दोघांना गाडीतून नेलं. वाटेत आई मागच्या सीटवर त्याच्याकडून उजळणी करून घेत होत्या. त्यांनी सकाळी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली होती. खोली साधीच होती, एखाद्या शाळेच्या ऑफिससारखी. समोर न्यायाधीश, बाजूला सरकारचा तरुण माणूस, दुभाषी, वकीलबाई. आम्ही दोघी मागच्या खुर्च्यांवर.

सरकारच्या माणसानं तोच प्रश्न विचारला. गावाजवळून कोणती नदी वाहते?

"सुर्खोब," सफराली म्हणाला. दुभाष्याची वाटही न बघता, थेट इंग्रजीत. "ती नैऋत्येकडे वाहते. ओबिखिंगो नदीला मिळते आणि तिथून पुढे तिला वख्श म्हणतात."

मी आईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. त्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर, आवाज न करता, त्या उत्तर म्हणत होत्या आणि मुद्दा आला की मान डोलावत होत्या.

"आणि डोंगर?"

"देशाचा त्र्याण्णव टक्के भाग डोंगराळ आहे. सर्वोच्च शिखराची उंची सात हजार चारशे पंच्याण्णव मीटर. १९९८पर्यंत त्याला कम्युनिझम शिखर म्हणत."

न्यायाधीश म्हातारे होते, चेहऱ्यानं मवाळ. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर सफराली," ते म्हणाले, "तुमच्या गावात लोक डोंगराची उंची मीटरमध्ये सांगतात?"

हा प्रश्न नकाशात नव्हता. आणि सफरालीनं जे करायला नको होतं तेच केलं. उत्तर अडलेला मुलगा करतो तेच. वळून आईंकडे पाहिलं.

न्यायाधीशांनीही पाहिलं. आईंचे ओठ अजून हलत होते.

तिथंच संपलं. पुढचा पाऊण तास भावाबद्दल, त्या चार माणसांबद्दल, नऊ दिवसांबद्दल तो बोलला, दुभाष्यातर्फे, रडला, पण ते कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. पहिल्या मुलाखतीत अर्जदाराला नदीचं नावही सांगता आलं नव्हतं. सुनावणीत मात्र त्यानं पुस्तकी अचूकतेनं माहिती दिली. ही माहिती तिथं राहून नव्हे, तर सुनावणीसाठी मुद्दाम मिळवलेली आहे. सबब अर्जदाराच्या निवेदनावर विश्वास ठेवता येत नाही.

नाव माहीत नव्हतं म्हणून खोटा, आणि नाव माहीत झालं म्हणून आणखी खोटा. इकडे आड तिकडे विहीर.

मी आईंना बोलले. जन्मात बोलले नव्हते इतकं बोलले. "त्याला गाव होतं, आई. त्याला बोलता येत होतं. तुम्ही त्याला गाईड करून टाकलंत, बाजारात मिळतं ना, अपेक्षित प्रश्नसंच, तसं! घोड्यावरून उतरतात म्हणाला तो. ते एक वाक्य पुरलं असतं. कुठल्या पुस्तकात आहे ते?"

"एकतीस वर्षांत..." आई म्हणाल्या, आणि थांबल्या. नकाशाजवळ जाऊन त्यांनी एकेक टाचणी काढली, त्याची घडी घातली आणि तो मला न देता स्वतःच्या कपाटात ठेवला. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. आता येते, पण आता काय उपयोग.

वकीलबाईंनी वरच्या कोर्टातल्या अर्जासाठी धडपड केली. तो घोड्याचा मुद्दा लिहूनही दिला. उत्तर आलं, हे अर्जदारानं आधी का सांगितलं नाही? सफराली दर गुरुवारी इमिग्रेशनच्या ऑफिसात हजेरीला जायचा. मे महिन्यातल्या एका गुरुवारी तो आत गेला आणि बाहेर आला नाही. त्याला विमानतळाजवळच्या कोठडीत नेलं होतं. आठ दिवसांनंतरचं विमान होतं.

आम्ही काय केलं नाही? खासदाराला पत्र लिहिलं, चर्चच्या लोकांनी सह्या गोळा केल्या, मराठी मंडळात मी स्वतः उभी राहून बोलले. तिथल्या एक-दोघांनी सही करता करता विचारलं, "पण तो जेन्युइन होता का नक्की?" मी सह्यांचा कागद पुढच्या माणसाकडे सरकवला. हरण्याची सवय माणसाला फार लवकर लागते.

जायच्या आदल्या दुपारी त्याचा फोन आला. कोठडीतल्या फोनवर जेमतेम काही मिनिटं मिळायची. मी बोलले, दिया बोलली, मग आईंनी हात पुढे केला. निकालापासून त्या त्याच्याशी बोलल्याच नव्हत्या. त्यांची हिंमत झाली नव्हती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सफराली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "मला तुझ्या गावाबद्दल सांग. तुझं तू सांग."

पलीकडे मागे कुणाचं तरी नाव पुकारत होते. मग त्याच्या पायांचा आवाज आला, कुणी बसलेला माणूस उठून उभा राहतो तसा.

"येस, टीचर," तो म्हणाला. "ताजिकिस्तान मध्य आशियात आहे. उत्तरेला किर्गिझस्तान, पूर्वेला चीन, दक्षिणेला अफगाणिस्तान, पश्चिमेला उझबेकिस्तान. देशाचा त्र्याण्णव टक्के भाग डोंगराळ आहे."

"नाही रे," आई म्हणाल्या, "ते नको. ते घोड्यावरून उतरता ना, ते..."

पण त्याला वाटलं असावं, आपण कुठेतरी चुकलो. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. स्थान, सीमा, प्राकृतिक रचना. एकही मुद्दा सोडला नाही. सुर्खोब, ओबिखिंगो, वख्श. शिखराशी येऊन तो थांबला आणि अगदी सावकाश, एकेक आकडा नीट उच्चारून म्हणाला, सात हजार चारशे पंच्याण्णव. आणि मग, विसरलं असं वाटू नये म्हणून, "मीटर".

"बरोबर, टीचर?"

आईंनी डोळे मिटले होते.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "पैकीच्या पैकी."

तो हसला. मग फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं विमान गेलं आणि त्यानंतर त्याची काहीच खबर नाही. आई आता पोळ्यांचा डबा उघडला की आधी वरची पोळी बघतात. कधी उलटी असते. त्या ती सुलटी करतात आणि जेवायला बसतात.