शेजारची चावी

दूध करपल्याचा वास आला की आमच्या सोसायटीचा तिसरा मजला आठवतो. शेजारच्या काकू कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या आणि मागे लॅचचं दार लागलं. आत गॅसवर दूध होतं आणि पलंगावर उठता न येणारे काका. चावीवाला कुलपाशी झगडत होता, काकू रडकुंडीला आल्या होत्या आणि जमलेल्या शेजाऱ्यांना मी समजावत होतो की चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, किल्ली मात्र खिळ्याच्या कुळातली. चावी नळाला असते, घड्याळाला देतात, माणसांनाही देतात. दाराखालून धूर येऊ लागला. आत काका खोकत होते. तेवढ्यात माझी बायको भाजी घेऊन जिना चढून आली. "अहो, शब्दकोश मिटा आता! काकू घाबरून विसरल्यात, पण काकांनी तुमच्याकडे ठेवायला दिलेली चावी आपल्याच खिळ्याला आहे ना?" मी धावलो. दार उघडलं, पातेलं जळालं होतं, काका खोकून लालबुंद झाले होते. काकूंनी खिडक्या उघडल्या आणि माझ्यापुढे हात केला. "द्या ती चावी इकडे. तुम्हाला उगाच जबाबदारी." आवाज अगदी मऊ होता. आता ती चावी दुसऱ्या मजल्यावर असते. आमचा खिळा मी अजून उपटलेला नाही.