आतला खिसा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी शकूताईंचा डबा भरून थैलीत ठेवत होते. पातळ वरण, मऊ भात आणि त्यांना आवडते म्हणून थोडी अंबाडीची भाजी. फोनवर त्यांची मुलगी, माझी पुतणी होती. "काकू, आई गेली…" एवढंच म्हणाली. मी थैली हातात धरूनच खाली बसले. खरं सांगते, रडू आलं नाही. पिपरी मेघेहून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी, असं करता करता पायांचे तुकडे पडले होते. पहिला विचार मनात आला तो हा, की आता ही भाजी कोण खाणार. माणूस फार दमलं की असंच काहीतरी सुचतं. मग नवऱ्याला हाक मारली आणि सगळं सुरू झालं.

शकूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन नाचणगावला आले तेव्हा आमचं किराण्याचं दुकान पुढे आणि घर मागे, असं होतं. मधल्या खोलीत त्यांची पायाची मशीन. दुपारी दुकानावरची गर्दी सरली की ती मशीन सुरू व्हायची. ब्लाऊज, परकर त्या शिवत, पण त्यांचा जीव थैल्यांत. घरातलं एकही जुनं कापड त्यांनी पुसायला जाऊ दिलं नाही. "धुतलेलं कापड हाये व मंदा, त्याले काऊन फेकतं?" हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ऐकलं, आणि पुढे इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी मीच त्यांच्या आधी म्हणू लागले.

त्यांची पद्धत ठरलेली. कैची आधी लावायची नाही. आधी ब्लेडने सगळ्या शिवणी उसवायच्या, कापड भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. बाहेरून पँटच्या पायाचं टेरिकॉट, आतून सदऱ्याच्या पाठीचं मऊ अस्तर. कमरेच्या पट्टीचे बंद. बुडाचे दोन्ही कोपरे चिमटून आडवी टीप मारायची, म्हणजे थैली जमिनीवर नीट बसते, लवंडत नाही. आणि सदऱ्याचा खिसा उसवायचा नाही, तो अस्तरासकट आत घ्यायचा. चिल्लर, किल्ली, तिकीट सगळं त्यात. मी एकदा विचारलं, खिसा बाहेर का नाही लावत, दिसेल तरी. तर म्हणाल्या, "खिसा काय दाखवाले असते?" पुढे गावात प्लॅस्टिकच्या पन्न्या आल्या. आमच्या दुकानातही आल्या. गिऱ्हाइकं हात हलवत येऊ लागली. शकूताईंनी त्या पन्नीशी उभं वैर धरलं आणि थैल्या शिवतच राहिल्या. अर्ध्या गावाच्या खुंटीला त्यांची थैली असेल.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दादा गेले. दादा म्हणजे शकूताईंचे यजमान, माझे भासरे. दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि संपलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. आत्याबाईंचा एक नियम होता, आणि तो त्यांनी पोटच्या मुलासाठीही मोडला नाही. गेल्या माणसाचं कापड घरात ठेवायचं नाही. तेरवीच्या आत गाठोडं बांधून देऊन टाकायचं. "कापड राह्यलं का जीव घुटमळते," असं त्या म्हणत. दादांचे सदरे, धोतरं, स्वेटर, टॉवेलसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले. शकूताई दाराशी उभ्या होत्या. गाठोडं उचललं तेव्हा त्यांचा हात नुसता पुढे झाला, आणि मागे गेला… तो हात मला अजून दिसतो.

एक सदरा मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटला. दुकानात, तराजूच्या मागे खिळ्याला टांगलेला. गुळाच्या भेल्या फोडताना दादा अंगातला सदरा काढून हा जुना घालत. निळ्या रेघांचा, आणि खिशाच्या तळाशी पेनच्या शाईचा डाग. तो खिळ्यावरून कधी नाहीसा झाला ते मला कळलं नाही. महिनाभराने शकूताईंनी एक नवी थैली शिवली. बाहेरून माझ्या नवऱ्याची तपकिरी पँट, आतून निळ्या रेघा. मी ओळखलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले. आत्याबाईंना कळलं असतं तर ती थैली त्याच दिवशी घराबाहेर गेली असती, आणि शकूताईंजवळ मग काहीच उरलं नसतं.

पण थैली खुंटीला टांगली की ती घराची होते. एका बाजाराच्या दिवशी आत्याबाईंनी नेमकी तीच उचलली. मी दुकानात होते, पाहिलं तेव्हा त्या चौकापलीकडे गेल्या होत्या. शकूताईंना सांगितलं तर त्यांनी मशीनवरून पायच उचलले. दोघीही नुसत्या बसून. आत्याबाई परत आल्या, वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी टोपल्यात ओतली, थैली उलटी करून झटकली आणि तशीच हातात धरून मधल्या खोलीत आल्या.

"शकू, हे थैली कोणाच्या कापडाची?"

"लहान भाऊजीच्या पँटची, आत्याबाई."

"अन् आतलं?"

शकूताईंची मान खाली. आत्याबाईंनी बोट खिशात घातलं, त्या डागावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग थैली मशीनवर ठेवली.

"खिशाले दुहेरी टीप मार. उसवून राह्यला."

एवढं बोलून त्या वांगी निवडायला गेल्या. शकूताईंनी टीप मारली. मशीनचा आवाज चालू होता आणि त्या रडत होत्या, आणि चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या आत्याबाईही. या विषयावर त्या घरात पुन्हा एक शब्द निघाला नाही. आत्याबाई शेवटपर्यंत बाजाराला तीच थैली नेत असत. दुसरी दिली तर म्हणत, "हे नको, ते देजो."

त्या गेल्या, दुकान मोडलं, आम्ही पिपरी मेघेला आलो. पुतणी सासरी गेल्यावर शकूताई मशीन आणि ती थैली घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. मग आजारपण. त्याच थैलीतून मी डबा नेत असे. आमची शेवटची दुपार म्हणाल तर अशी, की मी डबा दिला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले. जागी झाले तर शकूताई उशाला टेकून सुईत दोरा ओवत होत्या. "थैलीचा बंद ढिला झालता व. टाका घालून देतो," म्हणाल्या. हात थरथरत होते. मी म्हटलं, "कशाले करता, ठेवा ना." तर म्हणाल्या, "तू नीज. दमली हायेस तू." मी खरंच पुन्हा झोपले.

त्यांच्या तेरवीआधी गाठोडं मीच बांधलं. घरात मोठी आता मीच. मन नव्हतं, पण नियम मोडायलाही अंगात बळ लागतं. एकेक लुगडं घडी करून ठेवलं. दवाखान्यात नेसलेलं हिरवं उचललं तर पदराकडचा हातभर काठ फाडून काढलेला. फाटकं देऊ नये म्हणतात, पण मी विचार केला नाही, तेही बांधून दिलं. शेजारीण मशीन मागायला आली, तिला थांब म्हटलं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी थैलीला हात लावला नव्हता. परवा बाजारात नेली. मेथी, टमाटे घेतले, थैली जड झाली तेव्हा बंद बोटांत रुतण्याऐवजी मऊ लागला. उलटून पाहिलं. तपकिरी बंदाला आतून, बाहेरून दिसू नये असा, हिरवा काठ शिवलेला. थरथरत्या हाताचे मोठे मोठे टाके… मी त्यांचं सगळं कापड नियमाने देऊन टाकणार, हे त्यांना माहीत होतं. मी भर बाजारात, भाजीवालीच्या ताडपत्रीवर बसून रडले. ती बिचारी म्हणे, "काकू, पाणी देऊ का?"

घरी आले. थैली रिकामी केली. आतल्या खिशात दादांचा शाईचा डाग तसाच आहे. बंदाचे टाके एका टोकाला सुटायला लागले होते. मशीनवरचं कापड काढलं, दोरा ओवला. मला शिवता येत नाही, शकूताई शिकवून थकल्या होत्या. टीप वाकडी आली. पण दुहेरी मारली आहे.