शेवटचा स्क्रू आणि शेजाऱ्याचा नारळ

माझ्या खालच्या जबड्यात दात एकही नाही, सहा स्क्रू रोवलेत. त्यांवर दातांची अख्खी ओळ एका तुकड्यात बसली की मला पुन्हा ओलं खोबरं चावता येणार होतं. ती बसली नाही. डावीकडचा स्क्रू आवळला की उजवं टोक वर, लंगड्या पाटासारखं. बोईसरच्या दवाखान्यात तोंड वासून पडलो होतो. संतापून बोलता येत नव्हतं, त्याचा संताप वेगळाच.

डॉक्टर म्हणाले, "काका, जोर लावून आवळतो. बसेल हळूहळू."

बसेल? एसटीच्या बाकावर चौथा माणूस बसतो तसा?

माप घेताना त्यांनी विचारलं होतं, ट्रेमध्ये मसाला भरून ठसा घेऊ की कॅमेऱ्यानं? तारापूरच्या कारखान्यात जन्म गेलेला मी. मसाल्याला हसलो आणि कॅमेराच म्हणालो. तो टूथब्रशएवढा कॅमेरा एका टोकाकडून दुसरीकडे सरकत तुकड्यातुकड्यानं फोटो काढतो आणि संगणक एकाला एक जोडत जातो. दोन-तीन दातांना झकास. माझ्याकडे मात्र दोन स्क्रूंच्या मध्ये नुसती गुळगुळीत हिरडी, इथली तशीच तिथली. प्रत्येक जोड केसभर सरकला आणि शेवटच्या स्क्रूवर सगळी चूक साचली.

त्यात मी गप्प बसेन तर शपथ. कॅमेरा जरा बाहेर आला की माझा किस्सा सुरू. आणि किस्सा तरी कोणता? वाडीत नारळ लावताना वडील सांगत होते, आधी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताण. मी शहाणा, काठीनं खड्ड्यापासून खड्डा मोजत गेलो, आणि शेवटचा खड्डा निघाला शेजाऱ्याच्या वाडीत. नारळ आजही तोच उतरवतो. डॉक्टर पोट धरून हसले, कॅमेरा हातात तसाच. तोंडात तेच चाललं होतं, हे ना त्यांना कळलं ना मला. माझा राग यंत्रावर नाही, त्या हसण्यावर आहे. गप्प बसा म्हणायचं सोडून हसतात काय?

त्यांनी पुन्हा पाना उचलला तेव्हा मी हात धरला. "आवळायचं नाय. जबड्यातला स्क्रू हलला तर परत कुठं रोवणार, शेजाऱ्याच्या तोंडात?"

डॉक्टर ओशाळले. पालघरला एक कॅमेरा आहे म्हणाले, मापासाठी स्क्रूंवर बसवतात त्या सहाही खुंट्या तोंडाबाहेरूनच एका नजरेत धरणारा. मग आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाही. मी पालघरला गेलो नाही. रागाच्या भरात म्हटलं, आणा तो मसाला.

त्यांनी सहाही खुंट्या एकमेकींना घट्ट जोडल्या आणि वरून ट्रे दाबला. मसाला सुकेस्तोवर मी मुका. कोपऱ्यात बसलेली माझी बायको म्हणाली, "डॉक्टर, जरा उशिरानंच काढा. घरात एवढी शांतता कधी नाय." आणि तिनं नारळाचा किस्सा पहिल्यापासून सांगितला, माझ्याहून छान. या वेळी डॉक्टर हसले नाहीत.

नवी ओळ आली. डावा स्क्रू आवळला, उजवं टोक जागचं हललं नाही.

शेजाऱ्यानं नारळ धाडला. त्याच झाडाचा. चावला, पण रागानंच.