तड्यापुढचे साहेब

कोरेगावचे नानासो शाळांच्या इमारती तपासणारे कनिष्ठ अभियंता होते, पण मनातून स्वतःला फोटोग्राफरच समजायचे. नुसती भिंत काय टिपायची, फोटोत माणूस हवा, हा त्यांचा हट्ट. गावंही तयारच असायची. साहेब आले की फेटा, शाल, नारळ, आणि जिची तपासणी त्याच भिंतीपुढं सगळे रांगेत उभे. तेच फोटो अहवालाला जोडले जायचे. आपली डावी बाजू जास्त खुलते, हेही नानासोंना एव्हाना पाठ झालं होतं.

यंदा ते वडूजकडच्या एका वाडीत पुन्हा तपासणीला गेले. तिसरीच्या वर्गात खिडकीपासून छतापर्यंत तडा गेला होता, बोट शिरेल एवढा. मुख्याध्यापिका संयोगिताबाई म्हणाल्या, "साहेब, सगळे म्हणतात जुनाच आहे. पण वाढला असेल तर मी इथं पोरं बसवणार नाही. तेवढं सांगा."

त्यात काय अवघड? गेल्या वर्षीचे फोटो काढायचे आणि ताडून बघायचे. नानासोंनी ऐटीत मोबाइल उघडला. पहिल्या फोटोत सरपंच. दुसऱ्यात सरपंच आणि नारळ. तिसऱ्यात खिडकी होती, तिच्या कोपऱ्यातून वर निघालेली रेघही होती, आणि ती नेमकी नानासोंच्या गुलाबी फेट्यामागं गडप झाली होती. त्यांनी फोटो मोठा केला. फेटा मोठा झाला. चौदा फोटोंत अख्खी वाडी होती, पूर्ण तडा मात्र एकातही नव्हता. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

'तडा जुनाच' असं लिहून सही ठोकता आली असती. पेन तिथवर गेलंही. मग त्यांनी लिहिलं, 'गेल्या वर्षीच्या फोटोत तपासणी करणारा स्वतःच तड्यापुढं उभा असल्यानं तुलना करता येत नाही. वर्ग बंद ठेवावा.' वाचून दाखवताना त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. बाईही हसल्या. पोरं दप्तरं उचलून व्हरांड्यात आली.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हरणाबाई मात्र दारातच थांबल्या होत्या, भिंतीकडं बघत.

"आवं सायेब," त्या म्हणाल्या, "माजी नात त्याच भितीला टेकून बसायची की. वरीसभर."

नानासोंचं हसू जागच्या जागी आटलं. व्हरांड्यातल्या पोरांतली ती नात कोणती, हे विचारायला त्यांची जीभ रेटली नाही.