मेसमधला कडू घास

मला हसू फार लवकर येतं आणि आलेलं लवकर जात नाही. अशा बाईला मौन पाळणाऱ्या माणसांकडे नोकरी मिळावी, ही देवाने केलेली थट्टाच म्हणायची. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. बुलढाण्याला जेझुइट फादरांचं कॉलेजही नवंच होतं, आणि मी बी.ए. होऊन नांदुऱ्याला घरी बसले होते. कॉलेजात मुली येऊ लागल्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी बाईमाणूस हवं झालं आणि मला नेमलं. 'विद्यार्थी-कल्याण' अशी पाटी असलेल्या खोलीत एक टेबल, एक पत्र्याचं कपाट आणि मी, एवढंच ते खातं होतं.

काम काय, तर पडेल ते. कुणाला घरची आठवण येते, कुणाला इंग्रजी समजत नाही, कुणाच्या गादीत ढेकूण, कुणाच्या वरणात डाळच नाही. होस्टेल सांभाळणारे फादर स्पेनहून आलेले होते. उंच, हडकुळे, पायघोळ पांढऱ्या झग्यातले. मराठी ते पुण्याला पुस्तकातून शिकले होते आणि तशीच बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "बाई, आपल्याकडे विद्यार्थी येतो तो संपूर्ण मनुष्य येतो. केवळ त्याचे डोके येत नाही." मी मान डोलावली. पुढे त्या डोक्यांमधूनच आमच्यावर काय प्रसंग आला, ते सांगते.

पण त्याआधी जेवणाचं सांगायला हवं. फादरांच्या पंथाची जुनी रीत अशी की, जेवताना कुणी बोलायचं नाही. सगळे गप्प जेवतात आणि एक जण स्टुलावर बसून काहीतरी मोठ्याने वाचतो. फादरांनी ही रीत होस्टेलच्या मेसमध्येही लावली होती. मधे बांबूचा तट्टा, अलीकडे मुली आणि मी, पलीकडे मुलं आणि फादर. फादरांच्या ताटाशेजारी एक पितळी घंटी असे. ती वाजली की बोलायला मोकळीक. पण ती वाजायची दिवाळीला, नाताळला आणि पंधरा ऑगस्टला. बाकीचे दिवस कडकडीत मौन.

आता गप्प बसून जेवणं मी समजू शकते. पण समोर एखादा पोरगा कापसावरच्या बोंडअळीचं सरकारी पत्रक कीर्तनकाराच्या थाटात वाचतोय आणि आपण भेंडी गिळतोय, ह्यात हसू न येणारा माणूस मला दाखवा. मी तोंडात पदर कोंबून बसायची. मुली माझ्याकडे बघायच्या नाहीत, कारण बघितलं की त्यांनाही सुटायचं. एकदा तट्ट्यापलीकडून फादर खाकरले आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "बाई, मौन हे आपणास कठीण जाते काय?" मी म्हटलं, "नाही फादर," आणि तिथेच हसले.

त्या वर्षी श्रावणात तार आली. फादरांची आई तिकडे स्पेनमध्ये वारली होती. आम्ही सगळे मैदानावर दोन मिनिटं उभे राहिलो. फादर "आभारी आहे" म्हणाले आणि पुढच्या तासाला वर्गावर गेले. ते गेले, म्हणून आम्हीही आपापल्या वर्गांवर गेलो.

दिवाळीनंतर देऊळघाटच्या पोरीचं प्रकरण उभं राहिलं. पी.यू.सी.ला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला होती, गणितात तल्लख. गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. वडील वांगी-मिरच्या पिकवणारे, कष्टाळू आणि फार कमी बोलणारे. एका सकाळी ती माझ्या टेबलापुढे येऊन रडायलाच लागली.

"बाई, बाबा मले घेऊन जाऊन राह्यले. लग्न ठरवून राह्यले माहं."

"कुणी सांगितलं तुला?"

"मामानं. गावात कोणी तरी सांगतलं का कॉलेजच्या पोरी बसस्टँडवर खी खी हासतात म्हून. बाबा म्हनतात, मी सोता येऊन पाहीन अन् मंग ठरवीन. मले शिकाचं हाये हो, बाई."

बसस्टँडवर खी खी हसण्यात सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. पण ते तिला काय सांगणार! मी छाती पुढे काढून म्हटलं, "येऊ दे त्यांना. आपण त्यांना जेवायलाच बसवू. आपली मेस बघितल्यावर शिस्तीबद्दल एक शब्द बोलायची त्यांची टाप नाही." जी रीत मला सोसत नव्हती तीच आता कामाला येणार, ह्याचा मला एवढा आनंद झाला की मी तिच्यासकट सगळ्या मुलींना शेंगदाण्याची चिक्की वाटली.

नेमक्या त्याच आठवड्यात होस्टेलात उवा झाल्या. मुलींना मी निंबाचं तेल आणि फणी देऊन कामाला लावलं. मुलांच्या बाबतीत फादरांनी एक घाव दोन तुकडे केले. न्हाव्याला बोलावलं आणि सरसकट गोटे करायला सांगितले. पोरं कुरकुरली, तेव्हा फादर स्वतः आधी पाटावर बसले. संध्याकाळपर्यंत सगळं होस्टेल तुळतुळीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरीचे वडील आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, काखेत सीताफळांची टोपली. फादरांसाठी आणली होती. मी त्यांना मुलांच्या बाजूला, फादरांजवळच्या पाटावर बसवलं आणि तट्ट्याच्या फटीतून बघू लागले. ताटं वाढली. कुणी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी नारूच्या रोगावरचं पुस्तक लावलेलं होतं. वाचणारा पोरगा खालच्या, संथ आवाजात वाचत होता, "देहाला असह्य यातना होतात. रोगी दिवसेंदिवस क्षीण होत जातो..." वडिलांनी एकदा ओळीने बसलेल्या गोट्यांकडे पाहिलं. एकदा पांढऱ्या झग्यातल्या फादरांकडे पाहिलं. मग त्यांनी मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. घास मात्र मोजकेच घेतले. मला वाटलं, भारावले!

जेवण झाल्यावर ते उठले. फादरांनी हात जोडले. त्यांनीही जोडले. सीताफळांची टोपली त्यांनी परत काखेत मारली. दारात पोर उभी होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि 'येतो' असंसुद्धा न म्हणता तडक फाटकाबाहेर पडले.

"पाह्यलं का बाई?" पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सीताफळं बी वापस नेले. येतो बी म्हटलं नाही. आता उद्या गाडी घेऊन येतीन अन् मले नेतीन."

मी तिची समजूत काढली, पण ती मलाच पटत नव्हती. माणूस दिलेली भेट परत घेऊन जातो म्हणजे काय कमी राग? मी फादरांकडे धावले. ते शांतपणे म्हणाले, "त्यांना आपले मौन आवडले नसावे." मग "आपणासही ते आवडत नाही," असं पुढे जोडलं. एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

वाचणाऱ्याला एव्हाना सगळं कळलं असेल. आम्हाला मात्र काडीचंही कळलं नव्हतं, कारण आम्ही त्यातच राहत होतो.

दुसऱ्या दिवशी पोरीने खरोखरच ट्रंक भरून ठेवली. दुपारी मेसमध्ये ताटं मांडायची गडबड चालली होती, तेवढ्यात फाटकातून एक बैलगाडी आत आली. तिच्यामागे दुसरी. पोरीने माझा हात घट्ट धरला. पहिल्या गाडीतून तिचे वडील उतरले, मग गावातले चार म्हातारे, सगळ्यांच्या खांद्यावर पांढरं उपरणं. दुसऱ्या गाडीत बायका. कुणी राम राम घातला नाही. बायकांनी डोक्याला पदर घेतला आणि गाडीतून पाट्या उतरवायला लागल्या. फडक्यांत बांधलेल्या ज्वारीच्या भाकरींच्या चवडीच्या चवडी आणि दोन मोठी पातेली. झाकण उघडलं तर आत बेसन, म्हणजे आमच्याकडचं पिठलं. बिनफोडणीचं.

बिनफोडणीचं बेसन बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आप्तेष्ट नेतात तो कडू घास होता हा! गोटे, पांढरे कपडे, मुकी पंगत, आणि तो नारूचा ग्रंथ गरुडपुराणासारखा चाललेला. अशा घरी कुणी सीताफळं देत नाही. निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. पोटातून असा काही हसण्याचा लोंढा वर आला की मी भिंतीकडे तोंड केलं आणि पदर चावला. पोर घाबरून विचारत होती, "काय झालं बाई, काय झालं?" आणि मला सांगताच येईना.

फादर दारात आले. पोरीचे वडील पुढे झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "फादरबाबा, काल इचारलं नाही. मैताच्या घरी काय इचारा? पन गावात सांगतलं, तं सारे म्हने, कालचं जेवन कोनी आनलं असन, पन आज? एवढं मोठं घर, चूल बंद, पोरं उपाशी असतीन. घरचं समजून दोन घास खा. कोन गेलं, बाबा?"

मी कसंबसं तोंड पुसून पुढे झाले. म्हणणार होते, "अहो काकाजी, कुणी नाही गेलं, ह्या तर उवा!" तेवढ्यात फादरांनी मला हाताने थांबवलं.

"माझी आई," ते म्हणाले. "श्रावणात गेली. फार दूर."

माझं हसू जिथल्या तिथे विरलं. "मंग आमी लई उशिरा आलो," असं म्हणून पोरीच्या वडिलांनी फादरांचा हात धरला आणि आत नेऊन पाटावर बसवलं. फादरांना होस्टेलात कुणी हाताला धरून बसवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. एका म्हातारीने भाकरीवर बेसन वाढलं आणि ती समोरच बसून राहिली, ते पहिला घास घेईपर्यंत. फादरांनी घास घेतला. मग त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत, आणि माझेही आले. मैदानावरच्या त्या दोन मिनिटांची मला लाज वाटली.

सगळी पोरं बसली, तट्ट्याअलीकडे मुली आणि मी बसलो. फादरांनी घंटी उचलली आणि वाजवली. ना दिवाळी, ना नाताळ, तरी वाजवली. आणि बोलायची मोकळीक मिळूनही कुणी बोलेना. सगळे गोटे मान खाली घालून बेसन खात राहिले. शेवटी पोरीचे वडीलच बोलले, आणि तेही मला उद्देशून, तट्ट्याच्या ह्या बाजूला ऐकू येईल असं.

"बाई, खरं सांगतो. पोरीले न्याच होतं मले. तिच्या लग्नाले पाहुना पाहून ठेवला होता नांदुऱ्याचा. पन ज्या घरी मैत झालं अन् रडाले घरचं कोनी नाही, त्या घरातून पोरगी कशी काढून नेऊ? राहू द्या तिले इथं."

"आणि पाहुणा?" मी विचारलं.

"त्याले सांगतो, पोरीच्या घरी सुतक हाये. वरीसभर लगीन होत नाही."

फादर भाकर हातात धरून दचकले. "परंतु हे असत्य होईल," ते म्हणाले.

"काऊन? तुमची माय गेली का नाही?"

"गेली."

"पोरगी तुमच्या घरी राह्यते का नाही?"

"राहते."

"मंग खोटं काय बोल्लो मी?"

फादरांनी हातातली भाकर ताटात ठेवली. माझ्या शेजारी पोरीला हुंदका आला असं वाटलं, पण ते हसू होतं. ते ऐकून मला फुटलं, मग मुलींना, मग पलीकडे मुलांना, आणि सगळ्यांत शेवटी, इतक्या मोठ्याने की म्हातारी दचकली, फादरांना. मैताच्या घरी असं हसू नये हे सगळ्यांना माहीत होतं. पण घंटी वाजली होती.

गाड्या निघाल्या तेव्हा पोरीचे वडील आदल्या दिवशीसारखेच 'येतो' न म्हणता गेले. पोर फाटकात उभी राहून, गाड्या दिसेनाशा होईपर्यंत दोन्ही हात हलवत होती. मग आत येऊन तिने ट्रंक रिकामी केली. पाहुण्याने काही महिन्यांतच दुसरीकडे लग्न केलं. आणि ते वर्षभराचं सुतक, फादर आणि तिचे वडील दोघांच्याही संमतीने, ती बी.ए. होईपर्यंत चाललं.